मॅडम मशीन बघायला आल्या

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही बघा. फजिती सगळ्यांचीच होते. कुणी चुकून भलत्याच लग्नात जेवून येतो, कुणी परक्याच्या स्कूटरला किल्ली लावत बसतो. माझी फजिती मी शाल घालून, हार देऊन, फोटो काढून आणि वर सही घेऊन केली. अगदी रीतसर. ऑफिस सुपरिटेंडंटची फजिती ती, अशीतशी कशी असेल?

हसा तुम्ही खुशाल. मध्ये कुठंतरी हसू थांबेल, तेव्हा मला बोल लावू नका म्हणजे झालं.

तुम्ही जुने लोक मला ओळखता, पण हे पाहुणे नवीन आहेत म्हणून सांगतो. मी मोहनराव. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं, ते आम्हालाही मोजता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण दर दोन शब्दांमागे कानडी येऊन बसतं. मोठा भाऊ अण्णा, बहीण अक्का, आणि भात 'स्वल्पच' वाढ. महादेवपुऱ्याच्या बाजूला, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या मागे एक जुनं कॉलेज आहे. तिथं मी ऑफिस सुपरिटेंडंट. एकतीस वर्षं झाली. माझं नाव आहे ते ड्राफ्टसाठी. 'मोहनरावांनी लिहिलेलं पत्र वाया जात नाही,' असं म्हणतात लोक. कोण लोक? मीच म्हणतो, दुसरं कोण म्हणणार?

तर सरकारनं कॉलेजांसाठी एक निधी काढला, हार्टचं मशीन घ्यायला. एईडी म्हणतात त्याला. माणूस अचानक कोसळला, काळीज बंद पडलं, तर छातीला दोन पट्ट्या चिकटवायच्या. मशीन स्वतः तपासतं आणि लागला तर शॉक देतं. प्रिन्सिपल म्हणाले, "मोहनराव, अर्ज टाका." टाकला. संक्रांतीला ऑफिसात एळ्ळु-बेल्ल वाटलं, आपला तीळगूळच तो, त्याच आठवड्यात फाईल परत आली. वर एकच शेरा होता. 'गरज स्पष्ट करा.'

आता याला उत्तर काय? कॉलेजात एवढी पोरं आहेत, मैदान आहे, आणि जवळचं हॉस्पिटल चार सिग्नलांच्या पलीकडे आहे. झाल्या तीन ओळी. पण मी तीन ओळींत उत्तर देणारा माणूस आहे का? मी ड्राफ्ट करायला घेतला. पहिला मला आवडला नाही. दुसऱ्यात 'हृदय' फार वेळा आलं. तिसरा प्रिन्सिपलना दाखवायचा, तर ते रजेवर. मध्ये परीक्षा आल्या, मग ॲडमिशन आल्या. फाईल माझ्या टेबलावर डाव्या हाताला होती. रोज दिसायची. म्हणजे विसरलो असंही म्हणता येत नाही.

आणि श्रावणातल्या एका सकाळी व्हॉलीबॉल खेळता खेळता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मैदानावर कोसळला.

पोरांनी हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले. आणखी काय करायचं ते कुणालाच येत नव्हतं. सकाळची ऑफिसांची वेळ, रस्ता भरलेला, ॲम्ब्युलन्स आली तोवर सगळं संपलं होतं. मी खिडकीतून मैदानावरची गर्दी बघितली होती. पोरांची मारामारी असेल म्हणून परत खुर्चीत बसलो.

मुलाचा काका आला आणि त्याला गावी घेऊन गेला. आणि माझा ड्राफ्ट, जो सात महिने होत नव्हता, तो एका दुपारीत झाला. अख्खं एक पान. 'उमलत्या वयातील सदर विद्यार्थी', 'मातापित्यांचा आधार असलेला सदर विद्यार्थी'. मूळ कानडीत होतं, पण मराठीतही तितकंच वाईट वाटतं. फाईल गेली आणि मंजूर झाली. मशीन आलं आणि ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात काचेच्या पेटीत बसलं. मग आम्ही हॉस्टेलसाठी दुसरं मागितलं. वरून निरोप आला की आधी अधिकारी येऊन पहिलं बघतील, त्यांच्या सहीचा फॉर्म आला तरच पुढचं.

खात्यातल्या एका कारकुनानं मला फोन करून सावध केलं. "मॅडम नवीन आहेत. धारवाडकडच्या. गाडीनं येत नाहीत, बसनं येतात. दिवस सांगत नाहीत. साध्या दिसतात म्हणून फसू नका."

"मी फसतो होय?" मी म्हटलं.

शाल आणून ठेवली. फळांची करंडी सांगून ठेवली. रोज सकाळी ताजा हार. तिसऱ्या दिवशी साडेदहाला गेटवरून नंजप्पाचा फोन आला. नंजप्पा म्हणजे आमचा वॉचमन.

"सर, मशीन नोडक्के मॅडम बंदिदारे." मशीन बघायला मॅडम आल्यात.

मी धावलो. गेटशी एक बाई उभ्या होत्या. पंचेचाळीसच्या पुढच्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात प्लास्टिकची फाईल. चपलांवर धूळ. बसनं आलेल्या स्पष्ट दिसत होत्या. रात्रभर बसनं, ते मला पुढं कळलं.

"नमस्कार. मी..." त्या कानडीत म्हणाल्या. हेल उत्तरेकडचा. धारवाड, मी मनात खूण केली.

"माहीत आहे मॅडम, माहीत आहे. बन्नी, बन्नी, या आत."

"मला ते मशीन जरा..."

"मशीन कुठं पळतंय मॅडम? आधी कॉफी."

प्रिन्सिपल त्या दिवशी मीटिंगला बाहेर होते. म्हणजे राज्य माझंच. मी बाईंना थेट प्रिन्सिपलच्या खोलीत नेलं आणि सोफ्यावर बसवलं. आमची टायपिस्ट शैला कॉफी घेऊन आली. बाईंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मी बिस्किटं पुढं केली. कप खाली ठेवल्याबरोबर मी शाल उलगडली. त्या दचकून उभ्या राहिल्या.

"हे कशाला?"

"आमचं कर्तव्य आहे मॅडम. तुमच्यामुळेच तर हे मशीन कॉलेजात आलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी शाल खांद्यावर ठेवली. हार त्यांनी गळ्यात घालू दिला नाही, हातात घेतला आणि तसाच धरून बसल्या. मला वाटलं, काय विनय आहे. शैलानं मोबाईलवर फोटो काढला.

"थोडं हसा मॅडम," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मनात म्हटलं, स्वभाव कडक आहे. अशा माणसाला पाझर फोडायचा तर आपलं पानच पाहिजे. मी फाईल उघडली.

"मॅडम, हे तुम्ही कागदावर वाचलं असेल. पण लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं."

आणि मी उभा राहून वाचायला लागलो. घसा साफ करून. जिथं थांबायचं तिथं थांबत, आवाज उतरवायचा तिथं उतरवत. सदर विद्यार्थी सकाळी हसतमुखानं मैदानावर गेला. सदर विद्यार्थ्यानं छातीवर हात ठेवला. सदर विद्यार्थ्याला पाणी पाजण्याचा निष्फळ प्रयत्न करण्यात आला. बाईंनी पदर मुठीत धरला होता. शैला दारातून मला हातानं खुणा करत होती. मला वाटलं, कॉफीची साखर संपली असेल. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि पुढं वाचलं.

पान संपलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं गळत होतं.

एकतीस वर्षांत माझ्या ड्राफ्टवर रडलेला हा पहिला अधिकारी. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "यात त्याचं नाव कुठं आहे?"

"नाव लागत नाही मॅडम. सदर विद्यार्थी म्हटलं की भागतं."

"पाणी पाजलं होतं त्याला?"

"हो मॅडम, पोरांनी प्रयत्न केला."

"प्याला?"

आता मी काय सांगणार? मी तिथं नव्हतो. ते वाक्य मला लयीसाठी हवं होतं. "नाही बहुतेक," मी म्हटलं.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल बाई कोण होत्या ते. शैलाच्या तर शालीच्या वेळीच आलं होतं, असं ती पुढं म्हणाली. माझ्या आलं नाही. मला हॉस्टेलचं मशीन दिसत होतं.

मी त्यांना व्हरांड्यात नेलं. काचेची पेटी उघडली, मशीन बाकावर ठेवलं आणि झाकण उचललं. ते लगेच बोलायला लागलं, इंग्रजीत, एका शांत बाईच्या आवाजात.

"ही काय म्हणते?"

"घाबरू नका, मदत बोलवा, छातीवरचे कपडे बाजूला करा, असं सांगते. कुणी शिकलेला नसला तरी ऐकून ऐकून करू शकतो मॅडम."

"तेव्हा हे असतं तर?"

मी अधिकाऱ्याला उत्तर दिलं. निधी मिळवायला जे उत्तर द्यायचं ते दिलं.

"वाचला असता मॅडम. शंभर टक्के. उठून पुढचा गेम खेळला असता."

त्यांनी हात पुढं केला आणि मशीनच्या कडेला लावला. आपण तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतो ना, तसा, उलटा हात. आतली बाई बोलतच होती. मी झाकण बंद केलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या घरचा. "अहो, बीपीची गोळी घेतलीत का?"

मी जरा बाजूला झालो. जरा म्हणजे चार पावलं. घरच्यांशी आपण मराठीत बोलतो, मराठी कोणाला कळतंय ऑफिसात, ही एकतीस वर्षांची सवय.

"अगं, काम फत्ते. मॅडम आल्यात. पान वाचून दाखवलं तर रडल्या बाई. त्या पोराचं पान कामाला आलं बघ शेवटी. दुसरं मशीन झालंच समज."

फोन ठेवून वळलो. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही मराठी होय?" त्यांनी मराठीत विचारलं.

आता तरी शहाण्या माणसानं थांबावं की नाही? मी खूश झालो. "म्हणजे मॅडम, तुम्ही पण आपल्यातल्याच?"

"निपाणीकडची मी."

"मग धारवाड?"

"धारवाडला कधी गेले नाही."

मी म्हटलं, असेल, कारकुनानं चुकीचं सांगितलं असेल. त्यांना परत खोलीत नेलं आणि फॉर्म पुढं केला. "इथं नाव, इथं हुद्दा, खाली सही." त्यांनी सवयीनं पेन घेतलं. रोज रजिस्टरं भरणाऱ्या माणसासारखं रकाने बघून, सावकाश लिहिलं. मराठीत लिहिलं. सुनंदा पाटील. आणि हुद्द्याच्या रकान्यात 'अंगणवाडी सेविका' लिहून त्याच्या शेजारी लिहिलं, 'विनायकची आई'.

मी ते वाचलं. आधी वाटलं, रकाना चुकला.

मग सोफ्याच्या कडेवर बसलो मी, परवानगी न विचारता.

त्यांनी प्लास्टिकच्या फाईलमधून एक पत्र काढलं. "पोरांनी फोनवर सांगितलं होतं कॉलेजात मशीन आलंय म्हणून. म्हटलं आलेच आहे तर बघावं. खरं काम हे आहे. पत्र त्याच्याच नावानं आलंय. मूळ सर्टिफिकेटं न्यायला विद्यार्थ्यानं स्वतः हजर राहावं, असं लिहिलंय. तेच आधी विचारायचं होतं. आई आली तर चालतं का?"

ज्यांची नावं पटावरून कमी होतात त्यांना आम्ही पाठवतो ते छापील पत्र होतं. 'ओळखपत्रासह स्वतः उपस्थित राहावे, अन्यथा कॉलेज जबाबदार राहणार नाही.' खाली सही माझी. गठ्ठ्यातली सही. वर कोणाचं नाव आहे ते मी बघितलंच नव्हतं.

"चालतं," मी म्हटलं.

त्यांच्याही काहीतरी लक्षात येत होतं. "तुम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघत होता काय?"

मी खाली बघत बसलो. आणि टेबलावरचा फोन वाजला. नंजप्पा.

"सर, इन्नोब्बरु मॅडम बंदिदारे." अजून एक मॅडम आल्यात.

सुनंदाबाईंना कानडी कळत होतं. फोनमधला आवाज खोलीभर ऐकू आला होता. त्या उठल्या, खांद्यावरची शाल काढली आणि घडीवर घडी बसवून दुमडायला लागल्या. "घ्या. त्यांना लागेल. मला वाटलं, आई म्हणून घातली."

मी शाल घेऊ शकलो नाही. आणि काढू नका असंही म्हणू शकलो नाही.

खऱ्या मॅडम आत आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. पाठीला सॅक, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी टेबलावरचा हार बघितला, करंडी बघितली, शालीची घडी हातात धरून उभ्या असलेल्या बाई बघितल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"या कोण?"

शैलानं सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की गेलेल्या मुलाची आई. बाकीचं त्यांनी फॉर्मवर वाचलं. अधिकारी मॅडमनी शाल सुनंदाबाईंच्या हातातून घेतली, परत त्यांच्या खांद्यावर टाकली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

"मुलाचं नाव काय?"

"विनायक."

त्यांनी डायरीत लिहिलं. मग बराच वेळ त्या दोघी कानडीत हळू बोलत होत्या. सुनंदाबाई सांगत होत्या की सुट्टीत घरी आला की चढ चढताना त्याला धाप लागायची. आम्हाला वाटायचं, शहरात खाणं धड नाही म्हणून असेल. मी रोज भाकरीवर लोणी देत होते. मॅडम लिहून घेत होत्या. मग त्यांनी माझी फाईल उघडली. पान वाचलं, त्यावर काही म्हणाल्या नाहीत, आणि मागची पानं उलटत गेल्या.

"आमचा शेरा संक्रांतीच्या सुमाराला गेलाय. तुमचं उत्तर ऑगस्टअखेरीस आलंय. मधे काय झालं?"

"मॅडम, ड्राफ्ट चालू होता."

"सात महिने?"

"जी."

"आणि मुलगा कधी गेला?"

उत्तर सुनंदाबाईंनी दिलं. "श्रावणातला दुसरा सोमवार."

मॅडमनी फाईलवर दोन तारखांच्या मधे बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. तीन ओळींचं उत्तर होतं हो. तीन ओळींचं.

जाताना त्या म्हणाल्या, "तुमचं पान काढून टाका. या ताईंनी सांगितलं ते मी फाईलला लावते. आणि हॉस्टेलच्या मशीनला एक अट घालते. आधी ऑफिसातल्या प्रत्येकानं शिकायचं. यादीत पहिलं नाव तुमचं."

विनायकची सर्टिफिकेटं मीच रेकॉर्ड रूममधून काढली. तिसऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात. दहावीच्या मार्कलिस्टवर आईचं नाव छापलेलं होतं. इतके दिवस माझ्याच कपाटात. मी पोच घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला.

बाईंना सोडायला मी रिक्षात बसलो. त्या नको म्हणत होत्या. बस स्टँडपर्यंतचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, सिग्नलला सिग्नल. दोन सिग्नल मी मनात वाक्य जुळवलं.

"ताई, मघाशी मी शंभर टक्के म्हटलं, ते तसं नाही. डॉक्टर सांगतात, मशीन असूनही सगळे वाचतात असं नाही. मी ते सहीसाठी बोललो."

त्या बाहेर बघत होत्या. "म्हणजे आधी खरं बोललात, का आता?"

मला खरंच माहीत नाही. अजूनही नाही.

पुढच्या सिग्नलला त्या आपणहून बोलल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "माझंही अंगणवाडीचं रजिस्टर मागं राहतं, साहेब. आहाराचा रकाना चार-चार दिवस भरायचा राहतो. सुपरवायझर ओरडते. पण पोरं त्या दिवशी जेवलेली असतात."

रिक्षावाल्यानं विचारलं, कोणत्या गेटला सोडू. बोलणं तिथंच थांबलं. बस लागलेलीच होती. त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. मी खाली उभा होतो, काहीतरी बोलायला हवं म्हणून. बस हलली तेव्हा त्यांनी मला हात जोडले. मला, म्हणजे मला.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "मग, मॅडम खूश?" मी बीपीची गोळी घेतली आणि झोपून गेलो.

दोन महिन्यांनी ट्रेनिंग झालं. जिमखान्याच्या हॉलमध्ये चटया टाकल्या होत्या. शिकवायला एका हॉस्पिटलमधली नर्स आली होती, तिशीचीही नसेल. चटईवर एक रबरी पुतळा, कमरेपर्यंतचाच. छाती नीट दाबली की आतून 'टक' असा आवाज येतो. नाही दाबली की येत नाही. यादीत पहिलं नाव माझं, म्हणून सगळ्यांच्या देखत पहिला मीच गुडघे टेकले. छप्पन्न वर्षांचे गुडघे, त्यांचा 'टक' आधी ऐकू आला. पोरं हसली.

मी हात ठेवले. आणि काय झालं कुणास ठाऊक, मला वाटलं, या मुलीला आधी सांगितलं पाहिजे. की हे मशीन आमच्याकडे कसं आलं. फाईल कुठं अडली होती. नाव लिहायचं कसं राहून गेलं. मी सांगायला लागलो. नीट, सुरुवातीपासून, संक्रांतीपासून. हात पुतळ्याच्या छातीवर तसेच होते. हॉल शांत झाला होता. मला वाटलं, सगळे ऐकतायत.

नर्सनं घड्याळाकडे बघितलं.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही मघापासून बोलताय. हा इथं पडलाय."